माझी आवडती लेखिका : लक्ष्मीबाई टिळक

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात मी माझ्या आवडत्या लेखिकेविषयी लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. मंडळात शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या भगिनी आहेत, एक-दोघी तर पदवीधर सुना घरात असलेल्या आजीबाई आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माझे माहेर पैठण तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दुसऱ्या गावी, आणि मुलीच्या जातीला रोज एवढे चालत कोण पाठवणार, म्हणून माझे दप्तर फडताळात गेले ते गेलेच. पण ज्या बाईंविषयी मी लिहिणार आहे, त्या माझ्याइतक्याही शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची आठवण झाली आणि मी होकार दिला. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपण सर्वजणी जमतो आणि एकेक जण आपल्या आवडीच्या पुस्तकाविषयी सांगते, हे आपणांस ठाऊकच आहे. कोणी साने गुरुजींविषयी बोलले, कोणी बहिणाबाई चौधरींविषयी, कोणी रणजित देसाईंविषयी. मी दाराजवळ बसून ऐकत असे आणि चहाची वेळ झाली की सर्वांच्या आधी उठत असे. उठण्याचे कारण चहा नव्हते. माझी पाळी येईल याची भीती होती. अशी दोन वर्षे गेली. एके दिवशी मंडळाच्या कपाटातून मी 'स्मृतिचित्रे' नावाचे जाडजूड पुस्तक उचलले. खरे सांगते, नावात चित्रे आहेत म्हणजे आत चित्रे असतील, वाचायला थोडे कमी असेल, असा माझा हिशेब होता. घरी येऊन उघडले तर हिशेब साफ चुकलेला!

आपल्या शहरात नळाचे पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येईल, हे सांगता येत नाही. पाण्याच्या रात्री जागावे लागते. अशाच एका रात्री पिंपात नळी सोडून मी पाटावर बसले आणि पुस्तक वाचू लागले. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी पिंपावरून वाहिले, पाटाखालून गेले आणि मांडीवरून घसरलेले मंडळाचे पुस्तक त्यात भिजले, तेव्हा कुठे मला भान आले. दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात जाऊन मी साठवलेल्या पैशातून नवी प्रत आणली आणि मंडळात जमा केली. फुगलेली जुनी प्रत माझ्या घरी आहे. ज्या पुस्तकाने मला पाण्याचा विसर पाडला, त्या पुस्तकाच्या लेखिकेची हकीकत आता सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात मनू म्हणत. जलालपूर गोदावरीच्या काठी आहे. तीच गोदा पुढे आपल्या पैठणला येते. माझे बालपण तिच्याच पाण्यावर गेले, म्हणून पहिल्याच पानांत मला या बाई आपल्या वाटल्या.

मनूच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना 1857 च्या बंडात इंग्रजांनी फाशी दिले. त्या आघाताने मनूच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. सोवळेओवळे त्या काळी घरोघरी होते, पण या घरी त्याला सीमाच नव्हती. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! मीठ धुतल्यावर काय उरणार, हे आपल्यापैकी कोणतीही गृहिणी सांगेल. बायकामुलांचे त्यात फार हाल झाले. लक्ष्मीबाई हे सारे सांगतात ते रडत नाहीत, कोणाला शिव्याशाप देत नाहीत. वाचताना हसू येते आणि हसताना त्या आईची कीव येते. त्यांच्या लिहिण्याची ही मोठी खूण आहे.

अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक तिच्याहून सहासात वर्षांनी मोठे, मूळ कोकणातले. पुढे ते फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्रभर गाजले. कवी म्हणून माणूस थोर, पण संसाराला कठीण! बुद्धी तेज, मन फार कोवळे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आज या गावी नोकरी, उद्या दुसऱ्या गावी. मनात आले की घरात कोणालाही न सांगता निघून जायचे. खिशात पैसे असले आणि वाटेत कोणी गरजू भेटला की ते पैसे त्याचे. घरी बायको भाजीची वाट पाहत आहे, हे त्यांना आठवायचेच नाही. अशा माणसाचा संसार लक्ष्मीबाईंनी केला. भांडल्या, रुसल्या, पण त्यांचे मोठेपणही ओळखले. पुस्तकात त्यांनी नवऱ्याला देव केलेले नाही आणि राक्षसही केलेले नाही. आपण हळदीकुंकवाला जमलो म्हणजे नवऱ्यांविषयी जे बोलतो, त्यात एक तर तक्रार असते नाही तर बढाई. दोन्ही टाळून खरे सांगणे किती अवघड आहे, याचा विचार करून पाहावा.

लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती टिळकांमुळे. शाळा त्यांनी पाहिली नाही. नवरा शिकवायला बसायचा, पण शिकवणारा लहरी आणि शिकणारीच्या मागे घरातली कामे. तरी अक्षर लागले, मग शब्द लागला, मग वाचता येऊ लागले. त्या काळी बाईने पुस्तक हातात धरणे हेच मोठे धाडस होते. आज माझ्या मुलीला मोबाइलवर वाचताना पाहते, तेव्हा हे तिला सांगूनही खरे वाटत नाही.

1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांच्याशी बोलणे झाले आणि त्यांनी टिळकांना बायबल वाचायला दिले. ते वाचून टिळकांच्या मनात मोठी घालमेल सुरू झाली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायको आपल्या माणसांत, पदरी लहानगा दत्तू, आणि नवऱ्याने धर्म सोडल्याची बातमी आली. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही बातमी मरणाच्या बातमीहून वाईट. कपाळी कुंकू आहे, पण घर नाही. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात राहिल्या.

या ठिकाणी मला थोडे थांबले पाहिजे. मी हे पुस्तक घरी सासूबाईंना वाचून दाखवत असे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दुपारी त्या गहू निवडत आणि मी वाचे. टिळकांनी धर्म बदलला हे कळले, तेव्हा सासूबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि हे पुस्तक आपल्या घरात नको म्हणून सांगितले. आमच्या घरी पंढरीची वारी आहे, माळ आहे. मीही दोन दिवस पुस्तक उघडले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विचारले, की त्या पोराचे आणि त्या बाईचे पुढे काय झाले? नवऱ्याने टाकलेली म्हणून लोकांनी तिला काय काय ऐकवले असेल, याचीच चिंता त्यांना लागली होती. धर्म एकीकडे राहिला आणि एका बाईला दुसऱ्या बाईची काळजी पडली. मी पुस्तक पुन्हा उघडले.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे गेल्या. टिळक तेव्हा नगरला होते. आजचे अहिल्यानगर ते हेच. आपण पुण्याला निघालो की कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडतो, नेवासे मागे टाकतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर नगर येते, इतके ते आपल्याला जवळ आहे. मी तेथून अनेक वेळा एसटीने गेले, पण या गावात आपल्या ओळखीची बाई राहून गेली आहे, हे मला पुस्तक वाचल्यावर कळले.

लोक म्हणतात, नवरा गेला म्हणून त्याच्या मागे बायकोही गेली. पुस्तक वाचले तर तसे दिसत नाही. नवऱ्याजवळ आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपला धर्म सोडला नाही. आपले सोवळे, आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. मग त्या स्वतःशी विचार करू लागल्या. ही जात उंच आणि ती नीच, हे देवाने केले की माणसाने? माणसाने केले असेल, तर मी ते का पाळावे? एकदा मनाला पटले, त्या दिवसापासून त्यांनी जातीचे सोवळे सोडले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यात विटाळ मानला नाही. मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक! 1900 साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. ती घेतली तरी पाच वर्षे नवऱ्यापासून दूर राहून, आपल्या डोक्याने विचार करून. त्यांचा निर्णय आपल्याला पटो वा न पटो. मला तो स्वीकारण्याचे कारण नाही, माझी तुळस आणि माझा विठोबा माझ्याजवळ आहे. पण आपल्या मनाला विचारून चालणारी बाई कशी असते, हे मला त्यांच्याकडून कळले. घरातला लहानसा निर्णयसुद्धा मी आजवर ह्यांना विचारतील, त्यांना विचारतील, असे म्हणत पुढे ढकलत आले आहे.

नगरला टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच. अनेक पोरकी मुले त्या घरात वाढली. प्लेगच्या साथीत, जेव्हा सख्खे सख्ख्याला सोडून पळत होते, तेव्हा हे नवराबायको आजाऱ्यांच्या सेवेला गेले. बालकवी म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे हेही या घरी मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. बालकवी 5 मे 1918 रोजी खानदेशात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा ते तीस वर्षांचेही नव्हते. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. एका वर्षाच्या अंतराने दोन दुःखे.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. एखादी बाई म्हणाली असती, आता हरी हरी करावे आणि मुलाच्या घरी बसावे. यांनी तसे केले नाही. येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचे मोठे काव्य टिळकांनी आरंभले होते आणि सुरुवातीचे थोडे अध्याय लिहून ते गेले. तो ग्रंथ पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतला आणि साठांहून अधिक अध्याय लिहून पुरा केला. ज्या नवऱ्याने अक्षर शिकवले, त्याचा अर्धा राहिलेला ग्रंथ, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकोने पूर्ण केला! संसारात त्याने अर्धी टाकलेली किती कामे तिने पूर्ण केली असतील, त्यातले हे शेवटचे आणि सर्वांत मोठे. त्यांनी आणखीही कविता केल्या. 'भरली घागर' हा त्यांचा संग्रह त्यांच्या मागे निघाला. मध्यंतरी काही वर्षे त्या कराचीलाही राहिल्या.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. टिळकांच्या आठवणी कोणीतरी लिहून ठेवाव्या, असे सर्वांना वाटत होते, आणि त्या आठवणी सर्वांत जास्त होत्या त्या लक्ष्मीबाईंजवळ. लिहायला घेतले ते नवऱ्याविषयी, पण नवऱ्याविषयी लिहिता लिहिता त्यांची स्वतःची हकीकत त्यात आली, आईची आली, बहिणीची आली, शेजारणींची आली. आपल्या मुलांची चरित्रे लिहावीत, नवऱ्याची लिहावीत, हे बाईला रीतसर वाटते. स्वतःविषयी लिहावे, असे तिला वाटतच नाही. त्यांचे तसेच झाले असावे, असे मला वाटते. पण एकदा लिहायला बसल्यावर त्यांनी स्वतःला मागच्या दारी उभे केले नाही.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिला भाग 1934 साली निघाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. दत्तू म्हणजेच देवदत्त, त्या मुलाने आईचे लिखाण जपले. पुस्तकाला आता नव्वद वर्षे होऊन गेली, तरी ते दुकानात मिळते आणि लोक विकत घेतात. त्याचे इंग्रजी भाषांतर 1950 साली झाले आणि शांता गोखले यांनी पुन्हा नव्याने केलेले भाषांतर 2017 साली आले. चुलीजवळ बसून बोलावे अशी ती भाषा इंग्रजीत कशी दिसत असेल, याचे मला मोठे कुतूहल आहे. मुलीला सांगून ठेवले आहे, की तू ते वाच आणि मला सांग.

हे पुस्तक मला एवढे का आवडते, हे शनिवारी सांगायला उभी राहिले तेव्हा माझे पाय लटपटत होते. पहिली दोन वाक्ये मी पाठ करून आले होते, तीही विसरले. मग मी ठरवले, की जसे सासूबाईंना सांगते तसेच सांगावे. मीठ धुतल्याची गोष्ट सांगितली आणि सर्वजणी हसल्या. पाच वर्षांच्या वियोगाची सांगितली आणि पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की पुस्तकाविषयी बोलायला पदवी लागत नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिलेही असेच आहे. अवघड शब्द नाही, उपदेश नाही, आपण मोठ्या कवीची बायको असा तोरा नाही. आपलीच फजिती त्या सर्वांत आधी सांगतात.

आता एक घरची गोष्ट सांगून संपवते. पुस्तक वाचून संपले, त्या दिवशी सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. नंतर त्यांनी आपणहून 1972 च्या दुष्काळाचे सांगायला सुरुवात केली. त्या वेळी त्या बावीस वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पाठीशी तान्हे मूल. कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून घरी आणायची आणि थोरल्यांना द्यायची. लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. हे सारे त्यांनी वीस वर्षांत मला कधी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. मी मुलीची एक कोरी वही घेतली आणि लिहू लागले. दुपारी गहू निवडताना त्या सांगत, मी लिहीत असे. अशिक्षित बाईचे हे कशाला लिहितेस, असे त्या म्हणत. पण दुसऱ्या दिवशी वही कुठे आहे म्हणून विचारत.

वही अर्धी भरली होती. गेल्या माघात सासूबाई गेल्या. लग्नानंतरची पहिली वर्षे, त्यांचे माहेर, त्यांची गेलेली दोन मुले, यांविषयी आणखी सांगायचे राहून गेले. मी रोज उद्या विचारीन म्हणत होते. आता विचारायला कोणी नाही. ती अर्धी वही मी भिजलेल्या 'स्मृतिचित्रे'जवळ ठेवली आहे.

भगिनींनो, दुसऱ्या शनिवारी आपण दुसऱ्यांची पुस्तके एकमेकींना सांगतो, ते सांगत राहूच. मंडळाच्या कपाटात 'स्मृतिचित्रे'ची नवी प्रत आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर न्यावी, फक्त पाण्याच्या रात्री वाचू नये! पण घरात सासू असेल, आई असेल, शेजारी एखादी म्हातारी मावशी असेल, तर तिच्याजवळ एक वही घेऊन बसावे, एवढी माझी विनंती आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिले म्हणून त्या आपल्याला भेटल्या. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे आपण लिहिले तरच त्या पुढच्यांना भेटतील. उद्यावर टाकू नये, हे मी अनुभवाने सांगते.

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सर्व भगिनींना माझ्या शुभेच्छा.